दाराला पार्किंग किती?

आई संध्याकाळी चपला घालून म्हणाली, "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते." वॉचमननं तिला बॅटरीच्या गाडीत घालून परत आणली तेव्हा अंधार पडला होता आणि तिच्या गळ्यात 'पाहुणा' असा पास लटकत होता.

"निदान 'पाहुणी' तरी लिहायचं," आई एवढंच म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

झालं होतं असं की वसाहतीला कोपरा नव्हता. आई जन्मभर रोज संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली होती आणि कोपरा नसलेली वस्ती असू शकते हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. इथले रस्ते आखणाऱ्यानं लोकरीचा गुंडा मांजरापुढे टाकला असावा आणि मांजर थांबल्यावर नकाशा छापायला दिला असावा. रस्ता वळायचा. मग पुन्हा वळायचा. पुढच्या वळणावर येईल कोपरा, असं म्हणत आई चालत राहिली. दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, एकसारखी हिरवळ, एकसारख्या गाड्या आणि माणूस एकही नाही. शेवटी तिनं नाद सोडला, मागे फिरली, आपल्या घरात शिरली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि टीव्ही लावला.

घर अर्थातच दुसऱ्याचं होतं. त्या घरच्या नवऱ्याला वाटलं, ही बायकोची मावशी. बायकोला वाटलं, ही त्याची आत्या. दोघांनी एकमेकांवरचा राग गिळून तिला चहा दिला. ती जेवायला थांबणार का, यावरून आत स्वयंपाकघरात भांडण जुंपलं, तेव्हा कुठे भानगड उघडकीला आली.

"बरे आहेत लोक," आई आतून म्हणाली. "पण मी महिनाअखेरीला धाकट्याकडे जाते."

"आई, अगं एकदा चुकलीस म्हणून..."

"मी चुकले नाही रे. मी कोपऱ्यापर्यंत गेले होते."

आईचे थोरले चिरंजीव, म्हणजे आपले तपासनीस, मटकन सोफ्यावर बसले. कारण हे घर त्यांनी घेतलं होतं ते आईसाठी. फक्त आईसाठी.

(इथे गोष्टीला थोडा वळसा पडेल. सरळ जायला रस्ता ठेवलेला नाही. चालकांनी सहकार्य करावं.)

वळसा. तपासनीस हे लिफ्टचे तपासनीस होते. त्यांनी सही केल्याशिवाय शहरात एक लिफ्ट वर जात नसे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली येत नसे. बोलता बोलता ते समोरच्या माणसाच्या वजनाचा अंदाज घेत आणि मनातल्या मनात त्याला भागिले दोर करत. असा हा माणूस स्वतः मात्र जुन्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर वाढला. आईचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्यांच्या व्यावसायिक अब्रूलाच धक्का बसला. सगळ्या शहराला वर चढवणाऱ्याची आई जिना चढते! त्यांनी शहराबाहेर, हमरस्त्याच्या पलीकडे, एक मजली घर घेतलं. पायरी म्हणून नाही. उंबरासुद्धा त्यांनी तासून घेतला. धाकटा भाऊ जुन्या गल्लीतच राहिला आणि कुत्सितपणे म्हणाला, "दादा, तिथे काय मिळतं?" तपासनीस म्हणाले, "मोकळी हवा." धाकटा म्हणाला, "आणि सुईदोरा?"

सुईदोरा मिळत नसे. सुईदोऱ्यासाठी गाडी काढावी लागे. पेनाच्या रिफिलीसाठी गाडी, केस कापायला गाडी, गाडीत पेट्रोल भरायला गाडी. तपासनीसबाई लग्नाआधी उत्तम पेटी वाजवत. आता त्या उत्तम रिव्हर्स घेत. "मी या घरात बायको म्हणून आले होते," त्या अधूनमधून आरशात बघून म्हणत, म्हणजे गाडीच्या.

वळसा संपला. पुन्हा मूळ रस्त्यावर.

आई बॅग भरायला लागली असतानाच मागच्या अंगणातली भिंत बोलली.

आई तिथे कपडे वाळत घालत होती. तिथे आमची वसाहत संपायची आणि शेजारची सुरू व्हायची. मध्ये दोन पुरुष उंचीची भिंत.

"चिमटे प्लास्टिकचे आहेत का हो?" भिंत म्हणाली.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे?"

"पलीकडची."

"पलीकडच्या तुम्ही कशा? पलीकडे मी आहे."

"बरं, तुम्ही पलीकडच्या. पण चिमटे प्लास्टिकचेच आहेत, आवाजावरून कळतं. उन्हानं फुटतात हो. लाकडी घ्या."

"कुठून घेऊ? इथे मिळतात का?"

"इथे कुठे मिळायला!"

आणि दोघी इतक्या हसल्या की तपासनीस आतून धावत आले. आईला हसताना त्यांनी या घरात पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्या दिवसापासून आईला मागच्या अंगणातून हलवणं कठीण झालं. पलीकडच्या सकाळी कपडे वाळत घालायला यायच्या आणि संध्याकाळी काढायला. कपडे नसतील तेव्हा कोरडेच वाळत घालायच्या. त्यांचं वय बहात्तर, लेक-जावयाकडे राहतात, जावई सज्जन आहे पण घोरतो, लेक दिवसभर गाडीत असते, आणि त्यांनाही पहिल्याच आठवड्यात वॉचमननं गाडीत घालून परत आणलं होतं. बॅग अर्धी भरलेली राहिली. "बघू," आई म्हणाली. "या बाईशी बोलायला मिळतंय तोवर बघू. पण नुसत्या भिंतीशी किती दिवस बोलायचं? माणूस कसा दिसतो हे कळायला नको?"

तपासनीसांनी ओळखलं. दोर हाती लागला होता. आईची आणि पलीकडच्यांची भेट घडली, रोज घडत राहिली, तर आई इथे राहते. नाहीतर आई धाकट्याकडे, आणि घर घ्यायचा आपला सगळा शहाणपणा धाकट्याच्या जिभेवर, जन्मभर.

रविवारी त्यांनी आईला गाडीत बसवलं. तपासनीसबाई स्टिअरिंगवर. पलीकडच्यांच्या अंगणात खोकला आला तर ऐकू येतो, पण त्यांच्या फाटकाशी जायचं तर आधी आपल्या फाटकातून बाहेर, मग सेवा रस्ता, मग हमरस्ता, मग उड्डाणपुलाखाली वळण, मग उलट दिशेनं हमरस्ता, मग त्यांचा सेवा रस्ता, मग त्यांचं फाटक, मग वॉचमनचे प्रश्न, मग पास, मग त्यांचं मांजर आणि त्यांची लोकर. पोचेपर्यंत आईनं एक डुलकी काढली. घराला कुलूप होतं.

"बाई आत्ताच जावयांबरोबर बाहेर गेल्या," तिथला वॉचमन म्हणाला. "मागच्या वसाहतीत कुणी मैत्रीण आहे म्हणे. तिला चकित करणार आहेत."

तपासनीसबाईंनी गाडी वळवली. उड्डाणपुलाखाली समोरून एक पांढरी गाडी गेली. आतल्या म्हाताऱ्या बाईनं हात केला असं आईला वाटलं, पण ती कशी दिसते हे ठाऊक नसल्यामुळे उलट हात करणं तिला बरं वाटलं नाही. एकमेकींचे फोन नंबर दोघींनी घेतलेले नव्हते. हाकेच्या अंतरावरच्या माणसाला फोन कशाला लागतो?

घरी पोचताच आई थेट मागच्या अंगणात गेली.

"अहो, आलात का घरी?"

"आत्ताच टेकले. तुम्ही?"

"आत्ताच."

"तुमचं घर छान आहे हो. कुलूप पाहिलं."

"तुमचंही मजबूत आहे."

"बास," तपासनीस म्हणाले. "या भिंतीत दार पाडायचं."

(पुढचे काही परिच्छेद दाराबद्दल आहेत. दार पुढे कुठेही येत नाही.)

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. एरवी तिथे माणसं एकमेकांना दिसत नसत, पण कुणी काही मागतोय म्हटल्यावर गॅरेजांची शटरं भराभर वर गेली. डावीकडचे शेजारी, जे विमा कंपनीत होते, म्हणाले, "आज दार पाडाल. उद्या दारात कुणीतरी स्टूल टाकेल. परवा स्टुलावर बिस्किटांची बरणी. मग गर्दी."

"गर्दी म्हणजे किती माणसं?"

"दोन," विमावाले म्हणाले आणि शहारले.

उजवीकडचे शेजारी निवृत्त वकील. त्यांनी तपासनीसांना बाजूला घेतलं. "दार मागू नका. खिडकी मागा. खिडकीला कुणी नाही म्हणत नाही. मग तीच दर वर्षी थोडी खालून वाढवायची." वकीलसाहेबांनी आयुष्यात किती खिडक्या अशा जमिनीला टेकवल्या होत्या हे त्यांनी सांगितलं नाही. "शिवाय मी तुम्हाला हे बोललोच नाही."

चेअरमननी मात्र तपासनीसांना समोर बसवून घेतलं. पंखा चालू असूनही ते स्वतःला वर्तमानपत्रानं वारा घालत होते.

"दारातून कोण येणार?"

"आईची मैत्रीण. बहात्तर वर्षांच्या आहेत."

"आज बहात्तरच्या येतील. उद्या?"

"उद्या बहात्तर वर्षं एक दिवस."

"तपासनीस, चेष्टा नको. भिंत आहे म्हणून ही वसाहत आहे. दार पाडलं तर नुसती वस्ती होईल."

तपासनीसांनी अब्रू गिळून तीन बैठकांना हजेरी लावली. तिसऱ्या बैठकीत ठराव झाला की दाराला हरकत नाही, फक्त ते बंद असावं. दोन्ही बाजूंनी कुलूप, दोन्ही किल्ल्या आपापल्या फाटकावर, आणि दार उघडायच्या वेळी दोन्हीकडच्या जबाबदार व्यक्तींनी आपापली किल्ली घेऊन समक्ष भेटावं.

"भेटायचं कुठून?" तपासनीस म्हणाले. "दार बंद असताना?"

"हमरस्त्यावरून," चेअरमन म्हणाले. "रस्ता आहेच की."

तेही तपासनीसांनी मान्य केलं. गवंडी बोलावला. गवंड्यानं भिंतीत पहिलं भोक पाडलं आणि त्यातून डोळा लावून म्हणाला, "साहेब, पलीकडे अजून एक भिंत आहे."

होती. आमच्या वसाहतीनं आपली भिंत बांधली होती आणि त्यांच्या वसाहतीनं आपली. दोन्ही भिंतींच्या मध्ये वीतभर फट. ती ना यांची, ना त्यांची. चेअरमन म्हणाले, दुसऱ्याच्या मालकीच्या हवेत आपलं दार उघडणार नाही. फट कुणाची ते आधी नगररचना कार्यालयातून विचारून या.

नगररचना कार्यालय जुन्या शहरात होतं, जुन्या गल्लीपासून हाकेवर. तपासनीस तिथे गेले की धाकटा न चुकता समोरच्या दुकानात दाढी करत असलेला दिसायचा आणि साबण लावल्या तोंडानं म्हणायचा, "काय दादा, मोकळ्या हवेचं काही काम होतं का?"

कारकुनानं नकाशा पसरला. फट नकाशात नव्हती.

"दार कुठून कुठे?"

"आमच्या अंगणातून त्यांच्या अंगणात."

"म्हणजे रस्ता."

"रस्ता नाही हो. दार."

"त्यातून माणूस जाणार?"

"जाणार."

"यायचा?"

"येईल ना."

"मग रस्ताच झाला." त्यानं तसं लिहिलंसुद्धा. "पार्किंग किती दाखवायचं?"

"कशाला?"

"दाराला. येणारा माणूस गाडी कुठे लावणार?"

"अहो, तो चालत येणार."

कारकुनानं चष्मा काढला. "चालत? कुठून?"

"भिंतीपलीकडून."

"आणि भिंतीपलीकडे कशानं येणार?"

खरोखरच तिथे कुणीही गाडीशिवाय येऊ शकत नव्हतं.

मंजुरी झटपट आली. कार्यालयानं काही गैर केलं नव्हतं, सगळं नियमाप्रमाणेच होतं. दोन वसाहतींना जोडणारा रस्ता म्हटल्यावर त्याला किमान रुंदी आली. रुंदी आली म्हणून अग्निशमनचा बंब वळायला जागा आली. बंब येणार म्हणून दोन्ही बाजूंना पार्किंग आलं, आणि पार्किंग आलं म्हणून पार्किंगकडे जायला आणखी एक रस्ता. नकाशावर लाल रेघ ओढली होती. ती पलीकडच्यांच्या कपड्यांच्या दोरीपासून निघून फट ओलांडून थेट तपासनीसांच्या घरात शिरत होती. दुभाजक स्वयंपाकघरातून जात होता. आईच्या पलंगाच्या जागी 'वळण्यास मनाई'.

"अभिनंदन," कारकून म्हणाला. "एवढ्या लवकर कुणाला मिळत नाही."

"मला हा अर्ज मागे घ्यायचाय."

"मागे घेता येईल. वाहतुकीवर काय परिणाम होईल त्याचा अहवाल जोडा."

घरी आल्यावर आईनं बॅगेत उरलेलं सामान भरलं. भिंतीपलीकडूनही ट्रंकेच्या कड्या लागल्याचा आवाज आला.

महिना संपायला आला होता. आणि इथे तपासनीसांनी ती चूक केली जी त्यांच्याशिवाय जगात कुणीही केली नसती. दुसऱ्या कुणी दोन शिड्या आणल्या असत्या. त्यांनी लिफ्ट आणली.

लिफ्ट म्हणजे इमारतींची रंगरंगोटी करताना वापरतात तसा लटकता झुला. खुर्ची, पट्टा, कप्पी, दोर. त्यांच्या हाताखालून गेलेले सगळे ठेकेदार त्यांना वचकून असत, त्यामुळे झुला लगेच मिळाला. भिंतीवर लोखंडी कमान बसवली. आईला या बाजूला बसवायचं, वर घ्यायचं, पलीकडे सोडायचं. दार नाही, भोक नाही, नकाशाचा संबंध नाही. हवेवर कुणाची मालकी नसते.

"मी यात बसणार नाही," आई म्हणाली.

"आई, मी पाच हजार लिफ्ट पास केल्यात."

"त्यातल्या एकीत तरी मला बसवलंस का?"

"म्हणून तर."

"भार चाचणी झाली का?" तपासनीसबाईंनी नवऱ्याच्याच आवाजात विचारलं. तो खरं म्हणजे टोमणा होता. तपासनीसांनी तो गांभीर्यानं घेतला. नियम म्हणजे नियम. चाचणीशिवाय प्रवासी नाही. ते स्वतः खुर्चीत बसले, मांडीवर वाळूचं पोतं घेतलं, पट्टा आवळला आणि वसाहतीच्या माळ्याला म्हणाले, "ओढ."

झुला झकास वर गेला. भिंतीच्या माथ्यावर पोचला आणि दोर किंचित निसटला. तत्क्षणी सुरक्षा ब्रेक लागला. हा ब्रेक पूर्वी झुल्यांना नसे. तपासनीसांनीच दहा वर्षं वरिष्ठांशी भांडून तो सक्तीचा करायला लावला होता. एकदा लागला की हत्ती लोंबकळला तरी सुटत नाही. तो सोडवायला एक खास चावी लागते, आणि ती, नियमाप्रमाणे, जबाबदार व्यक्तीच्या खिशात असते.

जबाबदार व्यक्तीनं खिशातून चावी काढली. मांडीवरचं पोतं सरकलं. चावी पडली. दोन भिंतींच्या मधल्या, ना यांच्या ना त्यांच्या, वीतभर फटीत.

तपासनीस भिंतीवर बसून राहिले.

"काय झालं रे?" अलीकडून आई.

"काय झालं हो?" पलीकडून पलीकडच्या.

"काही नाही. ब्रेक चांगला आहे."

दोन्ही वसाहतींचे वॉचमन आपापल्या बाजूनं आले. आमच्या वॉचमननं वही उघडली. "साहेब, तुम्ही बाहेर जाताय ना?" त्यांच्या वॉचमननं विचारलं, "साहेब, तुम्ही आत येताय का? कुणाकडे?" तपासनीस म्हणाले, दोन्ही नाही. दोघांकडेही तसा रकाना नव्हता.

एवढ्यात आईनं खालून हाक मारली. "अरे, वर आहेस तर बघ ना. कशा दिसतात त्या?"

तपासनीसांनी मान वळवली. खाली एक ठेंगणी बाई कपाळावर हात धरून वर बघत होती.

"चांगल्या आहेत, आई."

"चांगल्या म्हणजे? नीट सांग की. केस?"

"पांढरे. आखूड."

"माझ्या पलीकडच्या कशा आहेत, विचारते मी," पलीकडच्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या आई. उंच आहेत का? आवाज उंच बाईचा वाटतो."

"मध्यम. साठ किलो."

"अरे, वजन काय सांगतोस मेल्या!" आई खालून ओरडली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं आणि मध्ये तपासनीस, पोतं छातीशी धरून.

मान वळवलीच होती म्हणून त्यांनी आणखी थोडी वळवली. इतक्या उंचावरून त्यांनी वसाहत कधी पाहिली नव्हती. रस्ते वळत वळत कुठेच जात नव्हते. रस्त्यांवर कुणी नव्हतं. माणसं होती ती सगळी मागच्या अंगणांत. भिंतीच्या या बाजूला विमावाले प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या बरोबर समोर, भिंतीच्या त्या बाजूला, एक गृहस्थ तसाच भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोघांच्याही हातात चहाचा कप. पुढेही तसंच, पुढेही तसंच, दिसेल तिथपर्यंत. बुद्धिबळाच्या पटाशेजारी एक म्हातारा एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत होता आणि हरल्यासारखा दिसत होता.

"काय दिसतंय?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"काही नाही," तपासनीस म्हणाले. "ऊन आहे."

अग्निशमनचा बंब आला तो त्यांच्या वसाहतीच्या फाटकातून, कारण आमच्या फाटकावरची शोभेची कमान बंबापेक्षा ठेंगणी होती. जवानांनी शिडी लावून तपासनीसांना उतरवलं, अर्थातच पलीकडे. ते खाली उतरून मागच्या अंगणातून घरात शिरेपर्यंत पलीकडच्या बाई घरात नव्हत्याच. सगळ्यांची नजर शिडीवर असताना जावयानं गाडी काढली होती. "इकडे बंब आहे, तिकडे तुमची मैत्रीण घाबरली असेल, चला." आणि इकडे आईला राहवलं नाही म्हणून ती सुनेला म्हणाली होती, "चल, त्याला आणायला जाऊ."

उड्डाणपुलाखाली दोन्ही गाड्या पुन्हा एकमेकींना ओलांडून गेल्या.

या वेळी आईनं हात केला. पण पलीकडच्या बाई दुसऱ्या बाजूला बघत होत्या.

आई पलीकडच्यांच्या ओट्यावर येऊन तपासनीसांशेजारी बसली. त्यांच्या सदऱ्याला वाळू लागली होती, ती झटकली. चेष्टा केली नाही, हे वाईट लक्षण होतं.

"माझ्यासाठी तू आभाळात लोंबकळलास. सगळ्यांना सांगेन मी. पण आता बास कर."

"गुडघ्याचं काय? धाकट्याकडे तीन मजले आहेत, आई."

"मी सकाळी एकदा उतरायची आणि रात्री एकदा चढायची. दिवसभर खालीच. शिंप्याकडे बसायचं, औषधवाल्याकडे बसायचं, वाचनालयात बसायचं. गुडघा त्यांच्यात दुखायचा रे. इथे घरात दुखतो."

लिफ्टचं गणित तपासनीसांना येत होतं. खाली बसायला जागा असली तर वर जायची घाई कुणाला असते, हे त्या गणितात नव्हतं.

"आणि या बाई?"

"त्यांनी पण बॅग भरलीय. धाकट्याच्या इमारतीत तळमजल्याची खोली रिकामी आहे ना, ती मी त्यांना परवाच सांगितली. भिंतीवरून."

महिनाअखेर. जुनी गल्ली. गाडी लावायला जागा नाही. हे इथे ठळक अक्षरांत लिहायला हवं, कारण तपासनीसांच्या मते जुन्या गल्लीविरुद्धचा हा सर्वात बिनतोड मुद्दा होता. तो ते गाडीतच मांडत होते.

"बघ. कुठे जागा आहे? आहे कुठे?"

"थांबव जरा," आई म्हणाली. ती कोपऱ्यावर उतरली, बॅग घेऊन. मागे हॉर्न वाजले. "मीही उतरते," तपासनीसबाई म्हणाल्या. "स्टिअरिंगवर तुम्ही बसा. जागा सापडली की या." तपासनीस बायकोच्या जागेवर सरकले आणि निघाले.

पहिली फेरी. कोपऱ्यावर जावयाची पांढरी गाडी थांबलेली. ठेंगण्या बाई उतरतायत. आई वळते. तपासनीस काच खाली करतात. मागे हॉर्न. वळण.

दुसरी फेरी. दोघी औषधाच्या दुकानासमोरच्या बाकाशी समोरासमोर उभ्या. पाऊलभर अंतरावर. ओरडून बोलतायत, मध्ये भिंत असल्यासारख्या. धाकटा कानावर हात ठेवून हसतोय. हॉर्न.

तिसरी फेरी. दोघी बाकावर बसलेल्या. आई पलीकडच्यांचे केस हातानं चाचपून बघते. "अरे, आखूड कुठे आहेत? बरे आहेत की!" ती तपासनीसांना ओरडून सांगते. उत्तर देईपर्यंत वळण.

चौथी फेरी. तपासनीसबाई बाकावर नाहीत. "बायको कुठाय?" "वर गेलीय!" "कुठे वर?" हॉर्न.

पाचवी फेरी. तपासनीसबाई औषधाच्या दुकानावरच्या खिडकीत. "अहो, या दोन खोल्या रिकाम्या आहेत!"

"मग?"

वळण.

सहावी फेरी. "दोन महिने राहून बघू म्हणाले मी!"

"कुणाला म्हणालीस?"

वळण.

सातवी फेरी. "मालकांना! हो म्हणाले ते!"

"पण मी कुठे हो म्हणालोय? आणि तिथे लिफ्ट नाही! मी लिफ्टचा..."

हॉर्न. वळण. पुढचा सबंध वळसा तपासनीस एकटेच बोलत होते. घर, हिरवळ, तासलेला उंबरा, मोकळी हवा. सगळे मुद्दे बिनतोड होते. ऐकायला गाडीत कुणी नव्हतं.

आठव्या फेरीला खिडकीतून पेटीचे सूर आले. वरच्या खोलीत कुणाचीतरी जुनी पेटी पडली होती, भाता फाटका असावा. सूर चुकत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. बाकावर दोघी म्हाताऱ्या सरकल्या होत्या आणि कडेला एका माणसापुरती जागा झाली होती. शहरातली तेवढीच जागा रिकामी होती.

तपासनीसांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. किल्ली फिरवली. मागे एकदम चार-पाच हॉर्न वाजले. ते उतरले, दार लावलं आणि बाकाकडे चालू लागले.

वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला. "अहो! ही गाडी कुणाची?"

तपासनीसांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले, आणि आईला म्हणाले, "सरक जरा."